डेटाबेसच्या क्वेरीत मजकूर आणि फोटो सुरक्षितपणे कसे घालावेत

नाशिकमध्ये कॉलेज रोडच्या परिसरात डिसूझा कॉलनी आहे. देवनागरीत हे नाव निरुपद्रवी दिसते. परंतु इंग्रजीत लिहिताना पहिल्या 'डी'नंतर अपॉस्ट्रॉफी येते आणि डेटाबेसच्या लेखी तेच मजकूर संपल्याची खूण असलेले एकेरी अवतरणचिन्ह ठरते. त्यामुळे निष्काळजीपणे लिहिलेला प्रोग्राम या कॉलनीतल्या पहिल्याच पत्त्यापाशी अडतो. अडला तर बरेच म्हणायचे, कारण त्याच फटीतून एखादा खोडसाळ माणूस पत्त्याच्या रकान्यात स्वतःची आज्ञा घुसवून सगळा डेटा वाचू किंवा पुसू शकतो. डेटाबेसला आज्ञा देण्याच्या भाषेचे नाव एसक्यूएल, म्हणून यालाच एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात.

उदाहरणासाठी द्राक्षांच्या एखाद्या पॅकहाऊसमधील बागायतदारांची नोंदवही घेऊ, ज्यात नाव, पत्ता आणि घडाचा फोटो साठवायचा आहे.

सर्वप्रथम, मजकुराचे तुकडे जोडून क्वेरी (डेटाबेसला द्यायची आज्ञा) तयार करण्याची सवय सोडावी आणि प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापरावे. त्यात क्वेरीचा साचा आधी दिला जातो आणि मूल्याच्या जागी केवळ खूण ठेवली जाते: मायएसक्यूएल व एसक्यूलाइट या डेटाबेस प्रणालींत प्रश्नचिन्ह, पोस्टग्रेस या तिसऱ्या प्रणालीत डॉलरचे चिन्ह आणि क्रमांक. मूल्य नंतर स्वतंत्रपणे जात असल्याने त्यात काहीही असले तरी डेटाबेस ते आज्ञा म्हणून वाचत नाही. या खुणेभोवती स्वतः अवतरणचिन्हे घालू नयेत. नवशिक्यांची ही हमखास होणारी चूक आहे. पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेतल्या पीडीओ या डेटाबेसशी जोडणाऱ्या साधनात मायएसक्यूएलसाठी ही सोय मुळात नक्कल स्वरूपात चालू असते, म्हणजे ड्रायव्हरच (प्रोग्राम आणि डेटाबेस यांना जोडणारे सॉफ्टवेअर) मूल्ये एस्केप करून, त्यांतल्या चिन्हांचा खास अर्थ काढून घेऊन, क्वेरीत बसवतो. ती नक्कल सेटिंगमधून बंद करावी.

तरीही कधी कधी क्वेरी मजकुराच्या रूपातच लिहावी लागते, उदाहरणार्थ डेटा भरण्याची फाइल तयार करताना. अशा वेळी एस्केप करण्यावाचून गत्यंतर नसते, परंतु ते काम हाताने करू नये. एसक्यूएलच्या प्रमाणित नियमाप्रमाणे मजकुरातले एकेरी अवतरणचिन्ह दोनदा लिहिले की भागते, असे वाटते खरे. मात्र मायएसक्यूएल एरवी बॅकस्लॅशलाही विशेष अर्थ देते. कोणी बॅकस्लॅश आणि त्यापुढे अवतरणचिन्ह असे टाइप केले आणि आपण फक्त अवतरणचिन्ह दुप्पट केले, तर बॅकस्लॅश पहिल्या चिन्हाला निष्प्रभ करतो, दुसरे चिन्ह मजकूर बंद करते आणि पुढचे सगळे आज्ञा म्हणून चालते. पोस्टग्रेसमध्ये मात्र 9.1 आवृत्तीपासून साध्या अवतरणात बॅकस्लॅश हे साधे अक्षरच मानले जाते. म्हणजे एकीकडचा नियम दुसरीकडे चालत नाही. म्हणून ज्या डेटाबेसला मजकूर जाणार त्याच्याच ड्रायव्हरचे एस्केप फंक्शन, त्याच जोडणीवर वापरावे.

जोडणीचा आग्रह धरण्याचे कारण अक्षरसंच (अक्षरे बाइटांत साठवण्याची पद्धत) हे आहे. यूटीएफ-8मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह 3 बाइटांचे असते आणि त्यातला एकही बाइट अवतरणचिन्हाशी जुळत नाही. जीबीकेसारख्या चिनी अक्षरसंचात मात्र बॅकस्लॅशचा बाइट दुसऱ्या अक्षराचा उत्तरार्ध होऊ शकतो, आणि मग संरक्षणासाठी घातलेला बॅकस्लॅशच गिळला जातो. म्हणून जोडणी उघडतानाच अक्षरसंच ठरवावा. मायएसक्यूएलमध्ये तो 'यूटीएफ8एमबी4' ठेवावा, म्हणजे इमोजीही टिकतात.

एस्केप एकदाच, अगदी शेवटच्या टप्प्यावर करावे. माझ्या सुरुवातीच्या एका कामात फॉर्म स्वीकारताना एकदा आणि साठवताना पुन्हा एस्केप केले गेले, आणि छापील लेबलांवर डिसूझा कॉलनीच्या नावात बॅकस्लॅश उमटले. ते पुसायला आख्खी दुपार गेली.

फोटोचे प्रकरण वेगळे आहे. जेपेगच्या बाइटांत शून्य, अवतरणचिन्ह आणि बॅकस्लॅश यांचे बाइट कोठेही येऊ शकतात, शिवाय मजकुराच्या रकान्यात ते अक्षरसंचाच्या नियमांत बसत नाहीत. म्हणून रकाना पोस्टग्रेसमध्ये 'बाइटए', तर मायएसक्यूएलमध्ये 'ब्लॉब' प्रकारचा असावा. साध्या ब्लॉबची मर्यादा 65,535 बाइट एवढीच असल्याने मोबाइलच्या फोटोसाठी 'मीडियमब्लॉब' घ्यावा. मूल्य प्रिपेअर्ड स्टेटमेंटनेच, बायनरी म्हणून पाठवावे. फाइलमध्ये लिहायचेच असेल तर हेक्स रूप (प्रत्येक बाइट दोन अंक-अक्षरांत लिहिणे) वापरावे: मायएसक्यूएल व एसक्यूलाइटमध्ये अवतरणाआधी 'एक्स' हे अक्षर येते, पोस्टग्रेसमध्ये अवतरणाच्या आत बॅकस्लॅश आणि 'एक्स'. हेक्समध्ये आकार दुप्पट होतो, पण आत फक्त अंक आणि 'ए' ते 'एफ' ही अक्षरे उरत असल्याने अवतरणाचा प्रश्नच मिटतो.

दोन गोष्टी मात्र वरील उपायांत बसत नाहीत. 'लाइक' वापरून शोधताना टक्का आणि अधोरेषा यांना वेगळा अर्थ असतो, म्हणून ती चिन्हे स्वतंत्रपणे एस्केप करावी लागतात. टेबलाचे किंवा रकान्याचे नाव तर खुणेतून पाठवताच येत नाही. ते वापरकर्त्याच्या निवडीवर ठरत असेल, तर आधी लिहून ठेवलेल्या मान्य नावांच्या यादीशी ताडून पाहावे.

शेवटी चाचणी. अपॉस्ट्रॉफीसह डिसूझा, बॅकस्लॅशने संपणारे नाव, एक इमोजी आणि एक मोठा फोटो अशी नोंद भरावी. मजकूर जसाच्या तसा परत येतो का ते पाहावे, आणि फोटोचा शा-256 चेकसम (फाइलच्या बाइटांवरून काढलेला ठसा) साठवण्याआधी व वाचल्यानंतर काढून दोन्ही जुळवून पाहावेत.