याग लेझर झालं की डोळ्याचं प्रेशर मोजल्याशिवाय एसटी पकडू नका

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन दोन वर्षं झाली आणि परत धूसर दिसायला लागलं, बेदाणा निवडताना काड्या दिसेनात, म्हणून मिरजेला दाखवलं तर डॉक्टर म्हणाले मोतीबिंदू परत येत नसतो, लेन्सच्या मागच्या पडद्यावर जाळी आलीय, याग लेझरने त्याला खिडकी पाडू. काही मिनिटांत झालंसुद्धा. आणि आम्ही लगेच तासगावची गाडी पकडली, तिथंच चुकलं. रात्री डोळा जड, कपाळ ठणकायला लागलं, मळमळ, आम्हाला वाटलं पित्त. सकाळी परत गेलो तर प्रेशर ३४, १० ते २१ नॉर्मल धरतात.

होतं काय, लेझरने फुटलेल्या पडद्याचे बारीक कण डोळ्यातलं पाणी जिथून निचरतं तिथं अडकतात आणि चर तुंबल्यासारखं होतं. हे पहिल्या काही तासांतच होतं आणि बहुतेकांचं एका दिवसात उतरतं, पण ज्यांना काचबिंदू आहे त्यांच्या नसेला तेवढंही सोसत नाही, म्हणून लेझरच्या आधीच सांगा काचबिंदू आहे का, दमा आहे का, नाडी मंद चालते का, सल्फाच्या गोळीची अॅलर्जी आहे का. प्रेशर उतरवायला देतात त्यातला टिमोलॉलचा थेंब दम्याला चालत नाही आणि डायमॉक्स सल्फातलीच गोळी आहे.

लेझर झालं की तिथंच बसा, डबा घेऊन जा. तासा-दोन तासांनी प्रेशर मोजून घ्या आणि आकडा कागदावर लिहून मागा, आधीचा पण आणि नंतरचा पण. बाहुली मोठी केलेली असते, त्यामुळे गाडी चालवू नका, उन्हात गॉगल लावा. घरी बीपीचं मशीन आहे म्हणून तेच बघत बसू नका, त्यावरून डोळ्याचं प्रेशर कळत नाही.

थेंबाचं नीट ऐका, आई आधी दोन बाटल्या लागोपाठ घालायची आणि निम्मं औषध गालावर. हात धुवा, खालची पापणी ओढा, एकच थेंब, मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटानं दोन मिनिटं हलका दाबून ठेवा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. दुसरा थेंब पाच मिनिटांनी. ब्रिमोनिडिन हा पण प्रेशरचाच थेंब, त्याने तोंड कोरडं पडतं, पेंग येते, डायमॉक्सने बोटांना मुंग्या येतात, लघवीला जास्त होतं, घाबरू नका पण डॉक्टरांना सांगा. आणि स्टेरॉइडचा थेंब जितके दिवस लिहिलाय तितकेच दिवस, बरं वाटतंय म्हणून मेडिकलमधून परत आणून घालू नका हो, त्यानेच काहींचं प्रेशर वाढतं!

थोडे काळे ठिपके तरंगताना दिसतील, ते हळूहळू कमी होतात. पण ठिपके एकदम खूप वाढले, विजेसारखं चमकलं, बाजूने पडदा सरकल्यासारखं वाटलं किंवा डोळा दुखून उलटी आली, तर सकाळची वाट बघू नका, फोन करा आणि रात्रीच निघा.