ख्रिसमस ट्रीसमोर फोटो: झाडही दिसलं पाहिजे आणि तोंडही

डिसेंबरात वसईत कुणाच्याही घरी जा, ट्रीसमोर पोरांना उभं करून फोटो काढणं चालूच असतं आणि निकाल ठरलेले दोनच, एकतर पोरं पांढरीफटक आणि मागचं झाड गायब, नाहीतर झाड झकास आणि पोरांची तोंडं काळी. वर सल्ला काय मिळतो, तर फ्लॅश मारा. समोरून थेट फ्लॅश मारायचा असेल तर एवढी माळ गुंडाळलीत कशाला?

माळ लुकलुकत असेल तर कंट्रोलरचं बटण दाबत स्थिर मोडवर आणा. ट्यूबलाइट बंद. माणसाला झाडाला चिकटवू नका, पाच-सहा फूट पुढे घ्या आणि तुम्ही त्याच्या जवळ जा, मागच्या दिव्यांचे मोठे धूसर गोल तेव्हाच मिळतात. जागा नाही म्हणता? सोफा सरकवा.

आता खरी गोची, उजेडाचा मेळ. यात मी स्वतः बरीच वर्षं चाचपडलोय म्हणून क्रम नीट सांगतो. आधी माणूस बाजूला ठेवा आणि नुसत्या झाडाचा फोटो काढा. मॅन्युअल मोड, म्हणजे सगळं आपणच ठरवायचं: अॅपर्चर (लेन्सचं भोक) एफ 2 ते 2.8, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) 1600 पासून सुरुवात, शटर (उजेड आत घ्यायचा वेळ) 1/50 सेकंद. शटर त्याहून वेगवान करू नका, कारण आपली वीज 50 हर्ट्झची आणि बऱ्याच स्वस्त एलईडी माळा तिच्याबरोबर सेकंदाला 50 वेळा चालू-बंद होतात, डोळ्याला कळत नाही पण 1/200 ला बघा, माळेतले कितीतरी दिवे चक्क विझलेले येतात आणि मग लोक माळ बदलायला धावतात. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा पिवळा-निळा तोल, ऑटोवर नको, 3200 केल्विनच्या आसपास ठेवा, थोडा पिवळेपणा राहू दे.

झाड मनासारखं आलं की सेटिंगला हात लावायचा नाही. अजिबात नाही. आता माणूस उभा करा आणि चेहऱ्यासाठी वॉर्म बल्बचा टेबल लॅम्प घ्या. त्याचा झोत तोंडावर न मारता माणसाच्या बाजूला दोन-तीन फुटांवर टांगलेल्या पांढऱ्या चादरीवर मारा. चादर जवळ असल्यामुळे चेहरा मऊ उजळतो आणि झाडापर्यंत जाईस्तोवर तो उजेड पार मरतो, तेच तर पाहिजे. चेहरा फार उजळला तर लॅम्प आणि चादर मागे न्या, कमी पडला तर पुढे आणा, कॅमेरा आहे तसाच.

1/50 ला लहान मुलं हलतात, म्हणून स्टुलावर बसवा आणि बर्स्ट मारा, म्हणजे एका दमात धडाधड फोटो. हातात नेवरी (करंजी) दिलीत तरी चालेल, फक्त फोटो होईपर्यंत खाऊ देऊ नका.

मोबाइलवाल्यांनी आधी लेन्स पुसा, बोटांचं तूप लागलं की प्रत्येक दिव्याला शेपटी फुटते. बाकी लॅम्प-चादर तीच, चेहऱ्यावर बोट दाबून फोकस लॉक करा आणि एक्स्पोजर खाली ओढा. नाईट मोड गप्प बसणाऱ्या मोठ्यांपुरताच, आणि पोर्ट्रेट मोड नकोच, केसांच्या कडा खातो.

चष्म्यात लॅम्प चमकला तर चादर आणि लॅम्प वर चढवा, नाहीतर चष्म्याच्या काड्या कानांवरून जरा उचला.