हात आणि मनगटाची दुखापत : या चुका टाळा

विडी वळणे, यंत्रमाग चालवणे, गणवेश शिवणे अशा कामांमुळे हातावर पोट असलेली कुटुंबे सोलापुरात घरोघरी आहेत आणि तरीही दुखणे नेमके कुठे आहे हे न पाहता हात चोळण्याची चूक येथे सर्रास होते.

तळहात टेकून पडल्यावर मनगट सुजले, पण बोटे हलत आहेत, म्हणजे हाड शाबूत आहे, असे मानून आंबेहळदीचा लेप लावला जातो. ही समजूत चुकीची आहे. अंगठा ताणून उचलला की त्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला, एक खळगा दिसतो. तेथे दाबल्यावर कळ आली तर स्कॅफॉइड नावाचे छोटे हाड मोडल्याचा संशय घ्यावा. त्याची भेग पहिल्या एक्स-रेमध्ये अनेकदा दिसतच नाही, म्हणून एक्स-रे साफ आला तरी मनगट आधाराने स्थिर ठेवून 10 ते 14 दिवसांनी पुन्हा तपासणी करावी. या हाडाला रक्तपुरवठा मुख्यतः बोटांकडच्या टोकातून होतो. त्यामुळे ते मध्येच मोडले की मागच्या तुकड्याचे रक्त तुटते आणि दुर्लक्ष झाल्यास हाड जुळतच नाही. चोळल्याने तर नुकसानच होते.

विडी वळणारी एखादी महिला रात्री हात बधिर होऊन जाग येते, झटकल्यावर बरे वाटते, असे सांगते तेव्हा अशक्तपणा म्हणून गोळ्या घेण्याआधी कोणती बोटे बधिर होतात ते पाहावे. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू असेल, तर मनगटात नस दाबली जात असण्याची शक्यता अधिक. करंगळी असेल, तर दोष बहुधा कोपराजवळ असतो. मनगट सरळ ठेवणारा पट्टा रात्री बांधावा, तसेच मधुमेह आणि थायरॉइडची तपासणी करून घ्यावी. अंगठ्याखालचा मांसल उंचवटा सपाट होऊ लागला असेल, तर पट्ट्यावर विसंबून राहू नये, कारण त्यानंतर गेलेली ताकद पूर्ण परत येईलच असे नसते.

यंत्रात बोट सापडल्यास जखमेत हळद किंवा चहापूड भरू नये आणि सूज येण्याआधी अंगठी काढावी. बोट तुटलेच, तर तुकडा थेट बर्फावर ठेवू नये. ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून तो बंद पिशवीत घालावा, ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी आणि रुग्णासोबतच रुग्णालयात न्यावी.