ऑर्लँडोची पहिली सहल : अमेरिकेत नव्याने आलेल्या कुटुंबांसाठी

ऑर्लँडोला जायचे ठरले की बहुतेक घरांत आधी विमानाची तिकिटे पाहिली जातात. माझे सांगणे असे की, आधी मुलांच्या शाळेचे कॅलेंडर काढावे. तिथल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्ड या मोठ्या मनोरंजन उद्यानाच्या तिकिटाचा दर २०१८ पासून तारखेप्रमाणे बदलतो, त्यामुळे त्याच राइडसाठी नाताळच्या आठवड्यात सप्टेंबरपेक्षा बरीच जास्त रक्कम मोजावी लागते आणि वर रांगाही लांब असतात. थँक्सगिव्हिंग (नोव्हेंबरअखेरचा सण), नाताळ ते नववर्ष आणि स्प्रिंग ब्रेक (शाळांची वसंतातली सुटी) हे दिवस शक्यतो टाळावेत. ऑगस्टची अखेर, सप्टेंबर आणि जानेवारीचा उत्तरार्ध त्यामानाने मोकळे असतात. मात्र तेव्हा शाळा सुरू असते आणि अनेक शाळा सहलीसाठीची रजा मान्य करत नाहीत, म्हणून मुलांना परस्पर न नेता शाळेच्या कार्यालयात आधी विचारून घ्यावे. मूल अजून शाळेत जात नसेल, तर उन्हाळ्याच्या सुटीत जाण्याचे काहीच कारण नाही.

आम्ही पहिल्या वर्षी जुलैमध्येच गेलो होतो. दुपारी तीनच्या सुमारास आभाळ काळवंडले, विजा कडाडू लागल्या, उघड्यावरच्या राइड बंद झाल्या आणि घरून आठवणीने आणलेले चारही रेनकोट हॉटेलच्या खोलीत घडी घालून ठेवलेले आहेत हे आम्हाला आठवले. फ्लोरिडाच्या उन्हाळ्यात असा पाऊस जवळजवळ रोजचाच असतो; तो तासाभरात ओसरतोही. तेव्हा भिजून परत फिरण्यापेक्षा बंदिस्त राइड आणि जेवण त्या वेळेसाठी राखून ठेवावे.

तीन वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही, तीन ते नऊ वर्षांच्या मुलांना मुलांचे तिकीट लागते आणि दहाव्या वाढदिवसापासून मोठ्यांचे. मुलांच्या आणि मोठ्यांच्या दरांत फरक इतका थोडा असतो की खरी बचत फक्त तीन वर्षांखालीच होते. पण त्या वयातल्या सहलीचे मुलाला पुढे काहीच आठवत नाही, आणि दोन वर्षांच्या मुलाला बाबागाडीतून दिवसभर उन्हात फिरवणे ही आई-वडिलांची शिक्षाच असते. माझ्या मते थोडे थांबावे आणि वयापेक्षा उंची पाहावी. स्पेस माउंटन या वेगवान राइडसाठी किमान ४४ इंच उंची लागते. आमची धाकटी तिथल्या पट्टीखाली उभी राहिली तेव्हा अर्धा इंच कमी भरली. तिने हळूच टाचा उचलल्या, कर्मचाऱ्याने तितक्याच हळुवारपणे त्या खाली टेकवायला सांगितल्या आणि पुन्हा मोजले. पुढचा अर्धा तास रडण्यात गेला. म्हणून निघण्याआधी घरीच भिंतीवर खूण करून मोजावे आणि कोणत्या राइड मिळणार नाहीत ते मुलांना सांगून ठेवावे. एक पालक लहान मुलाजवळ थांबतो, दुसरा राइड करून येतो आणि मग पहिल्याला पूर्ण रांग न लावता आत सोडतात, अशी रायडर स्विचची सोय तिथे विनामूल्य आहे. रांगेच्या तोंडाशीच कर्मचाऱ्याला तसे सांगावे लागते.

तिकिटाचे दिवस वाढवले की रोजचा दर उतरतो, आणि इथेच नवखी कुटुंबे फसतात. चौथा-पाचवा दिवस तिकिटात स्वस्त दिसला, तरी त्या दिवसाचे हॉटेल, गाडी आणि जेवण स्वस्त होत नाही. मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि ॲनिमल किंगडम हे डिस्ने वर्ल्डमधले चारही पार्क पहिल्याच खेपेस पाहिले पाहिजेत असे नाही. लहान मुले असतील तर मॅजिक किंगडम व ॲनिमल किंगडम नक्की, तिसरा आवडीप्रमाणे, आणि मध्ये एक दिवस विश्रांतीचा. त्या दिवशी डिस्ने स्प्रिंग्ज या दुकाने व खाद्यगृहांच्या भागात जाता येते. तिथे प्रवेश आणि पार्किंग दोन्हींना पैसे पडत नाहीत. एका दिवसात दोन पार्क करण्याची मुभा देणारे महागडे तिकीट पहिल्या सहलीत घेऊ नये. मॅजिक किंगडममध्ये तर गाडी लावल्यावर मोनोरेल किंवा बोटीने तळे ओलांडून दाराशी पोहोचावे लागते, त्यातच बराच वेळ जातो.

राहण्यासाठी शेजारच्या किसिमी गावाकडची स्वयंपाकघर असलेली हॉटेले स्वस्त दिसतात, पण त्यांची तुलना करताना कर, रिसॉर्ट फी (हॉटेल भाड्याखेरीज घेते ते रोजचे शुल्क) आणि पार्कच्या पार्किंगचे रोजचे पैसे धरावेत. डिस्नेच्या स्वतःच्या हॉटेलात राहणाऱ्यांना पार्कांचे पार्किंग आणि बस विनामूल्य असते व अर्धा तास आधी प्रवेश मिळतो, त्यामुळे कधी कधी फरक वाटतो तेवढा उरत नाही. घरचा डबा पार्कात नेता येतो, फक्त काचेची भांडी आणि मद्य चालत नाही. साध्या खाद्यगृहांत बर्फाच्या पाण्याचा पेला मागितला की फुकट मिळतो.

रस्त्याकडेच्या टपरीवर अर्धवट वापरलेली तिकिटे मिळाली तरी घेऊ नयेत; अशी विक्री फ्लोरिडात गुन्हा आहे. जवळजवळ फुकट तिकीट देणाऱ्यांची अट बहुधा टाइमशेअरचे (वर्षातले ठरावीक दिवस वापरायच्या सुटीच्या घरातला हिस्सा विकण्याचे) व्याख्यान ऐकण्याची असते, आणि त्यात सुटीतला अर्धा दिवस जातो. भिडेखातर सही झालीच, तर फ्लोरिडाच्या कायद्याने दहा दिवसांत लेखी कळवून करार रद्द करता येतो.

भाड्याची गाडी घेणार असाल, तर क्रेडिट कार्डाची मर्यादा तपासावी. नव्याने आलेल्यांच्या कार्डाची मर्यादा लहान असते आणि गाडीची अनामत तिच्यातूनच अडवून ठेवली जाते. मग हॉटेलच्या काउंटरवर कार्ड नाकारले जाते. विमानतळापासूनचे बरेच रस्ते टोलचे आहेत आणि टोलनाक्यावर थांबून पैसे देण्याची सोय सर्वत्र नाही. आपल्या गाडीत ई-झीपास (टोल खात्यातून आपोआप भरणारे छोटे उपकरण) असेल, तर तो तिथे चालतो. तो सोबत घ्यावा आणि त्या खात्यात भाड्याच्या गाडीचा क्रमांक नोंदवावा, म्हणजे टोलवर भाडे कंपनीचे वेगळे शुल्क चढत नाही. परत आल्यावर तो क्रमांक काढून टाकायला मात्र विसरू नये.