मोड-लॉक केला की किरण गायब: माझा अनुभव

टायटेनियम-सफायर लेसरचे 800 नॅनोमीटरचे, साधारण 100 फेम्टोसेकंदांचे (एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाचा दशलक्षांश) स्पंद, म्हणजे प्रकाशाचे क्षणिक झटके, बेरियम टायटनेटच्या स्फटिकातून आल्या वाटेने परत पाठवायचे होते. लेसर सलग चालवला की फेज-कॉन्जुगेट किरण, म्हणजे आल्या वाटेने उलट परतणारा किरण, छान मिळायचा. मोड-लॉक केला, म्हणजे सलग प्रकाशाऐवजी स्पंद सोडायला लावला, की गायब. आठवडाभर मी स्फटिकालाच दोष देत होतो. पृष्ठभाग पुसले, ध्रुवीकरण पुन्हा तपासलं, फरक शून्य.

मग साधा हिशेब मांडला. 100 फेम्टोसेकंदांत प्रकाश जेमतेम 30 मायक्रोमीटर जातो. माझ्या मांडणीत प्रकाश दोन वाटांनी स्फटिकात येतो. दोन्ही वाटांचे स्पंद तिथे एकाच वेळी भेटलेच नाहीत, तर व्यतिकरण (लहरी एकमेकींत मिसळून उठणारे उजळ-गडद पट्टे) कुठून होणार आणि त्या पट्ट्यांची, प्रकाश परत वळवणारी जाळी स्फटिकात कशी उमटणार? माझ्या दोन वाटांत चक्क 4 मिलिमीटरांचा फरक निघाला! आधी पट्टीने ढोबळ जुळवलं, मग एका वाटेतले दोन आरसे सरकत्या स्टेजवर बसवून स्क्रू हळूहळू फिरवला. इथे घाई नडते. जाळी असंख्य स्पंदांच्या बेरजेतून सावकाश तयार होते, म्हणून दर 5 मायक्रोमीटरला मिनिटभर थांबायचो. संध्याकाळी इन्फ्रारेड कार्डावर (डोळ्यांना न दिसणारा प्रकाश पडला की उजळणारं कार्ड) एक फिकट ठिपका दिसला, आणि बघता बघता उजळत गेला.

आणखी एक, स्फटिक एसीच्या थेट झोतात ठेवू नका. सुमारे 5 ते 9 अंशांच्या खाली त्याची रचनाच बदलते, तडाही जाऊ शकतो.