डोनर गाडीपासून किट कार : आधी नीट उकलणे, मग बांधणे

घरच्या गॅरेजमध्ये गाडी बांधण्याची ब्रिटनमधली परंपरा जुनी आहे. लोटस कंपनीने १९५७ साली ‘सेव्हन’ ही दोन आसनी, हलकी स्पोर्ट्स कार बाजारात आणली आणि ती सुट्या भागांच्या रूपातही विकली, कारण तयार गाडीवर लागणारा खरेदी कर सुट्या भागांवर लागत नसे. १९७३ मध्ये खरेदी कराच्या जागी मूल्यवर्धित कर आला आणि ही सवलत संपली. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅमकडे गेले. करसवलत गेली तरी छंद मात्र टिकला. आज किट, म्हणजे गाडीच्या सुट्या भागांचा संच, बनवणाऱ्या कंपन्या चासी, बाहेरचे पॅनेल आणि काही ब्रॅकेट देतात. इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल, हब, ब्रेक, स्टिअरिंग आणि वायरिंग आपण एखाद्या जुन्या गाडीतून काढून घ्यायचे असते. त्या जुन्या गाडीला डोनर म्हणतात. किट कार रस्त्यावर येणार की गॅरेजमध्ये धूळ खात पडणार, हे बहुतेक वेळा डोनर उकलण्याच्या टप्प्यातच ठरते, असे माझे ठाम मत आहे, आणि म्हणून या लेखात त्या टप्प्याला सर्वाधिक जागा दिली आहे.

भारतातील वाचकांसाठी एक गोष्ट आधीच स्पष्ट करणे आवश्यक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीकृत वाहनात निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, आणि वाहनाच्या नव्या नमुन्याला पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन चाचणी संस्थेची मान्यता घ्यावी लागते. एकेकट्या हौशी माणसाने बांधलेल्या गाडीसाठी ब्रिटनमध्ये जशी स्वतंत्र तपासणी आहे, तशी सोय आपल्याकडे नाही. त्यामुळे पुढची माहिती मुख्यतः ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी आहे. महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत बाहा स्पर्धेसाठी बग्गी बांधून नंतर उच्च शिक्षणाला तिकडे गेलेल्यांना यातले बरेच काम ओळखीचे वाटेल.

डोनर म्हणून मी माझदा एमएक्स-५ ची पहिली पिढी सुचवतो, म्हणजे १९८९ ते १९९७ या काळातली. इंजिन पुढे, चालना मागच्या चाकांना, चारही कोपऱ्यांना डबल विशबोन सस्पेन्शन आणि १.६ किंवा १.८ लिटरचे टिकाऊ इंजिन, हे सगळे सेव्हनच्या धर्तीच्या गाडीला जसेच्या तसे चालते. पूर्वी हे स्थान फोर्ड सिएराकडे होते, पण चांगल्या सिएरा आता सहजासहजी मिळत नाहीत. एमएक्स-५ चा सर्वांत मोठा दोष म्हणजे दारांखालच्या सिल आणि मागच्या चाकांवरच्या कमानी गंजतात. हाच दोष आपल्या फायद्याचा ठरतो, कारण बॉडी आपण वापरणारच नाही. गंजामुळे वार्षिक तपासणीत नापास झालेली, पण यांत्रिकदृष्ट्या धडधाकट गाडी स्वस्तात मिळते.

स्वस्त म्हणजे बंद पडलेली नव्हे. डोनर चालू स्थितीत, पूर्ण आणि कागदपत्रांसह घ्यावी, आणि विकत घेण्यापूर्वी स्वतः चालवून पाहावी. इंजिन पूर्ण थंड असताना सुरू करून वरच्या बाजूने येणारा टकटक आवाज तेल चढल्यावर थांबतो का, ते ऐकावे. थंड गिअरबॉक्समध्ये दुसरा गिअर थोडा अडतो, हे या गाडीचे जुने लक्षण आहे. गरम झाल्यावरही तो करकरत असेल तर किंमत पाडून घ्यावी किंवा गाडी सोडून द्यावी. १९९१ च्या सुरुवातीपर्यंतच्या १.६ इंजिनांत क्रँकचे पुढचे टोक आखूड असते आणि तिथली पुली जागेवर धरणाऱ्या चावीची (लहान धातूच्या खिट्टीची) खाच झिजून पुली डगमगू शकते, म्हणून इंजिन चालू असताना पुली समोरून नीट न्याहाळावी. मागच्या ब्रेक कॅलिपरमधली हँडब्रेकची यंत्रणा बऱ्याचदा जाम झालेली असते; त्यासाठी वेगळा खर्च धरून चालावे.

गाडी घरी आणल्यावर लगेच पाना हातात घेऊ नये. आधी भरपूर छायाचित्रे काढावीत : इंजिनच्या चारही बाजू, होज कुठून कुठे जातात, वायरिंग कोणत्या क्लिपमध्ये बसले आहे, अर्थिंगच्या तारा कुठे आवळल्या आहेत. ही छायाचित्रे पुढे दोनदा उपयोगी पडतात, एकदा जोडणी करताना आणि एकदा गाडी आपण स्वतः बांधली हे तपासणी अधिकाऱ्यांना दाखवताना. त्यानंतर गाडी पक्क्या स्टँडवर उभी करावी. केवळ जॅकच्या आधारावर असलेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. या कामातला हा एकच नियम असा आहे की ज्याला अपवाद नाही. पेट्रोल मोकळ्या हवेत काढून घ्यावे. इंधन नळीतला दाब उतरवण्यासाठी इंजिन चालू असताना पंपाचा रिले काढून ते आपोआप बंद पडू द्यावे, आणि मगच बॅटरी सोडवावी. ती या गाडीत डिकीत असते. एअरबॅग असल्यास बॅटरी सोडवल्यानंतर पुरेसा वेळ जाऊ द्यावा आणि त्याचे कनेक्टर निर्मात्याच्या सूचनांनुसारच काढावेत. वातानुकूलन असेल तर त्यातला वायू अधिकृत कारागिराकडून काढून घ्यावा.

आता वायरिंग. बहुतेकांचे प्रकल्प इथे अडकतात, कारण इंजिनाची भीती कुणाला वाटत नाही आणि तारांच्या जुडग्याची सगळ्यांना वाटते. प्रत्येक कनेक्टर सुटा करण्याआधी त्याच्या दोन्ही तोंडांना कापडी टेप गुंडाळून त्यावर दोन गोष्टी लिहाव्यात : हा कशाचा आहे आणि तो गाडीत कुठे होता. ‘मागचा डावा इंडिकेटर, डिकीच्या डाव्या भिंतीवर’ असे लिहिलेले सहा महिन्यांनी समजते. नुसते ‘इंडिकेटर’ समजत नाही. बारीक टोकाच्या मार्करची शाई तेलकट हातांनी पुसली जाते, म्हणून लिहिलेल्या टेपवर पारदर्शक टेपचा एक वेढा द्यावा. पुढे जुडगे हलके करताना, म्हणजे रेडिओ, काचांच्या मोटारी, वातानुकूलन यांच्या तारा काढताना, एका वेळी एकच शाखा काढावी, इंजिन पुन्हा सुरू करून पाहावे आणि मगच पुढच्या शाखेला हात लावावा. यासाठी जुडगे जमिनीवर पसरून इंजिनाला जोडलेले ठेवणे सोयीचे पडते. आणखी एक गोष्ट, जी पुस्तकी वाटते पण फार त्रास वाचवते : मूळ गाडीची बॉडी पोलादी असल्याने दिव्यांचा परतीचा प्रवाह तिच्यातून जातो, तर किटचे मडगार्ड आणि पुढचे तोंड फायबरग्लासचे असते, त्यातून वीज वाहत नाही. म्हणून तिथल्या प्रत्येक दिव्याला चासीपर्यंत जाणारी स्वतःची अर्थिंगची तार द्यावी लागते, आणि चासीवर ती जिथे आवळायची तिथला रंग चकचकीत धातू दिसेपर्यंत खरवडावा लागतो. इंडिकेटर लावल्यावर हेडलाइट मंद होत असेल तर दोष जवळजवळ नेहमी याच ठिकाणी सापडतो.

यांत्रिक भाग काढण्याच्या दोन पद्धती आहेत. एक्झोसेटसारख्या काही किटमध्ये इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि दोन्ही सबफ्रेम एकमेकांना जोडलेल्या अवस्थेत चाकांवर तशाच ठेवून वरची बॉडी उचलून काढतात. या गाडीत गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल यांना जोडणारी अॅल्युमिनियमची लांब तुळई असते, त्यामुळे हे शक्य होते. स्टिअरिंगचा सांधा, ब्रेकच्या नळ्या, हँडब्रेकची केबल, इंधन आणि हीटरच्या नळ्या, वायरिंग आणि सबफ्रेमचे बोल्ट सुटले की बॉडी वर जाते. त्या दिवशी मित्रांना जेवायला बोलवावे, कारण माणसे लागतातच. दुसऱ्या प्रकारच्या किटमध्ये प्रत्येक भाग वेगळा काढून नव्या चासीत बसवायचा असतो. तेव्हा ती तुळई सोडवण्याआधी गिअरबॉक्सखाली जॅक द्यावा, नाहीतर त्याचे मागचे टोक एकदम खाली येते.

सस्पेन्शनच्या खालच्या आर्मचे एक्सेंट्रिक (फिरवून चाकांचा कोन जुळवायचे) बोल्ट बुशच्या आतल्या नळीत गंजून एकजीव झालेले असतात. त्यांना आदल्या दिवसापासून भेदक तेल पाजत राहावे. तरीही हलले नाहीत तर कापून काढावेत आणि नवे घ्यावेत. जुने वाचवण्यासाठी आर्म वाकवण्यात अर्थ नाही. इंजिनाच्या मागच्या टोकाला कॅमशाफ्टच्या कोनाचा सेन्सर असतो. तो काढण्यापूर्वी त्याच्या अंगावर आणि हेडवर एकच सरळ रेघ ओढून ठेवावी, म्हणजे इग्निशनचे टायमिंग जवळपास जागेवर राहते, आणि तो हातात आलाच आहे तर त्याची कडक झालेली रबरी ओ-रिंग बदलावी, कारण तेल बहुतेक तिथूनच गळते. प्रत्येक जोडाचे नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत घालून त्यावर चिठ्ठी लावावी. नायलॉन कड्याचे नट पुन्हा वापरू नयेत.

काढलेल्यातले काय ठेवायचे हे किटच्या यादीवरून ठरवावे. आसने, दारे, कापडी छत, काचा यांना एमएक्स-५ च्या इतर मालकांमध्ये चांगली मागणी असते आणि ते विकून डोनरच्या किमतीचा बराच भाग परत मिळतो. मात्र गाडी तपासणीतून पार पडेपर्यंत एकही ब्रॅकेट किंवा लहान तार टाकून देऊ नये.

जोडणीच्या बाबतीत किटची पुस्तिका असतेच, म्हणून मी मोजकेच सांगतो. सर्व भाग एकदा कच्चे बसवून पाहावेत, भोके पाडून घ्यावीत आणि मगच चासी पावडर कोटिंगला द्यावी. ब्रेकच्या नळ्या साध्या तांब्याऐवजी तांबे-निकेलच्या घ्याव्यात आणि त्या ठरावीक अंतरावर क्लिपने बांधाव्यात. सेव्हनच्या धर्तीच्या गाडीचे नाक खाली असल्याने रेडिएटर इंजिनापेक्षा खाली बसतो आणि पाण्यात हवा अडकते. म्हणून विस्तार टाकी, म्हणजे गरम होऊन फुगणारे पाणी सामावणारी टाकी, संपूर्ण यंत्रणेतल्या सर्वांत उंच जागी हवी. मूळ गाडीचे वजन साधारण साडेनऊशे ते एक हजार किलो होते, तर तयार किट सातशे किलोच्या आसपास किंवा त्याहून हलकी असते. म्हणून डोनरच्या स्प्रिंग या गाडीला फार कडक पडतात आणि किटसाठी बनवलेले वेगळे स्प्रिंग-डँपर घ्यावे लागतात. पहिल्यांदा इंजिन सुरू करण्याआधी स्पार्क प्लग काढून आणि इंधन बंद ठेवून स्टार्टर फिरवावा, म्हणजे तेलाचा दाब आधी तयार होतो.

ब्रिटनमध्ये अशा गाडीला ‘इंडिव्हिज्युअल व्हेइकल अप्रूव्हल’ म्हणजे आयव्हीए ही तपासणी पार करावी लागते. २००९ मध्ये ती जुन्या एसव्हीए तपासणीच्या जागी आली. तिची पुस्तिका काम सुरू करण्यापूर्वीच वाचावी, गाडी तयार झाल्यावर नव्हे. बाहेरून शंभर मिलिमीटर व्यासाचा गोळा जिथे टेकू शकतो तिथली कड किमान अडीच मिलिमीटर त्रिज्येची गोलाई असलेली हवी, त्यामुळे उघड्या सस्पेन्शनचे नट टोपीने झाकावे लागतात. स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीही दाखवता कामा नये. ब्रेक दाबल्यावर पुढची चाके मागच्यांच्या आधी जाम व्हायला हवीत. वजनाची वाटणी बदलल्यामुळे डोनरचे प्रमाण इथे चुकू शकते. वळणानंतर स्टिअरिंग सोडले की ते आपोआप मध्याकडे परतले पाहिजे. हलक्या गाडीत पुष्कळ जण इथेच नापास होतात, आणि पुढच्या चाकांचा कॅस्टर कोन, म्हणजे बाजूने पाहता स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे कललेला कोन, वाढवणे हा त्यावरचा सरळ उपाय आहे.

डोनरचे नोंदणीपत्र, प्रत्येक पावती आणि इंजिनाच्या वयाचा पुरावा एकाच फाइलमध्ये ठेवावा. धुराची मर्यादा आणि पुढे मिळणारा नोंदणी क्रमांक या कागदांवर अवलंबून असतो. भागांचे मूळ सिद्ध झाले नाही तर ‘क्यू’ अक्षराने सुरू होणारा क्रमांक मिळतो. आधी वेळ ठरवलेली असेल आणि विमा उतरवलेला असेल, तर तपासणी केंद्रापर्यंत गाडी स्वतः चालवत नेता येते. त्याआधी मोकळ्या खासगी जागेत ती फिरवून घ्यावी, आणि परत आल्यावर टॉर्क पान्याने सस्पेन्शन, स्टिअरिंग आणि चाकांचा प्रत्येक बोल्ट पुन्हा तपासून त्यावर रंगाची खूण करावी. एखादी खूण सरकलेली दिसली तर तो नट नुसता आवळून पुढे जाऊ नये. तो का सैल झाला ते सापडल्याशिवाय गाडी हलवू नये.