शेतात जेसीबी लावलाय आणि खापरं निघतायत? मग या चुका टाळा

नदीकाठच्या रानात शेततळं, विहीर, पाइपलाइन काहीही खोदायला घेतलं की कधी कधी पांढरी लागते, म्हणजे जुन्या वस्तीची राखाडी भुसभुशीत माती आणि तिच्यात खापरं, हाडं, कोळसा. आता प्रत्येक शेततळ्यावर पुरातत्त्ववाला थोडीच उभा राहणार, त्यामुळे लक्ष ठेवायचं काम शेवटी मालक, ऑपरेटर नाहीतर गावातल्या एखाद्या हौशी पोराकडेच येतं, आणि गडबड तिथेच होते.

सगळ्यात जास्त वाट लागते ती दातांच्या बकेटमुळे. चूल असो, सारवलेली जमीन असो, दात सगळं उपसून एकत्र कालवतात. दात नसलेलं रुंद बकेट मागा, नसेल तर दातांवर पट्टी वेल्ड करून घ्या, आणि चार-चार बोटं माती खरवडत मशीन मागे मागे घ्यायला सांगा, नाहीतर उघडी पडलेली जागा टायरखालीच जाते. काम उक्तं दिलं असेल तर ऑपरेटर पळवणारच, त्याला दोष देऊन उपयोग नाही, तेवढ्या पट्ट्यापुरतं तासावर बोला.

दुसरं म्हणजे सगळे खड्ड्यात वाकून बघतात आणि ढिगाकडे कोणाचं लक्षच नसतं. ट्रॉली भरून ती माती दुसऱ्या रानात पडते, काही वर्षांनी तिथे खापरं दिसली की लोक म्हणतात इथंही जुनं गाव होतं. ढीग जागेवरच ठेवा, निवांत चाळा.

मातीचा रंग बदललेला कळत नाही? बाजू खुरप्याने सरळ तासा, पाणी शिंपडा आणि मग बघा, वाळलेल्या मातीत सगळं सारखंच दिसतं. काळ्या रानात अजून एक घोळ असतो, उन्हाळ्यात भेगा पडतात आणि वरच्या वस्तू आत घरंगळतात, त्यामुळे दोन फुटांवर बाटलीचं झाकण निघालं म्हणून खालची सगळी खापरंही आजचीच असं समजू नका.

आणि नाणी, मूर्ती म्हणजेच 'सापडलं' हा समज तर सोडाच. लाल मडक्यावर काळी नक्षी असेल तर मशीन थांबवा, ते जोर्वे काळातलं, म्हणजे ३००० वर्षांपूर्वीचं असू शकतं. शिरूर तालुक्यात इनामगावला घरांच्या जमिनीखाली तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली मडक्यांची जोडी निघायची, आत लहान मुलांची हाडं. अशी जोडी दिसली तर आत हात घालू नका, उचलू तर नकाच.

उचलल्याने काय होतं ते श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादला बघा. १९७४ मध्ये तिथे शेतकऱ्याला झुडपाचं मूळ खणताना रथ, हत्ती, गेंडा, रेडा असे धातूचे चार नग मिळाले, वजन मिळून ६० किलोंच्या वर. पण ते रीतसर उत्खननात, थरासकट निघाले नाहीत म्हणून त्यांच्या काळावरून जाणकारांत वाद झालाच. म्हणून हलवण्याआधी फोटो काढा, शेजारी टेप किंवा निदान पेन ठेवून, वरून किती खोल ते मोजा, मोबाईलवरून लोकेशन घ्या. नाणं सापडलं तर चिंचेने घासून चकचकीत करायचा मोह आवरा, त्यावरची अक्षरं जातात.

लपवायचं कारण बहुतेक वेळा एकच असतं, 'सरकार जमीन घेईल'. १८७८ च्या निखात निधी (म्हणजे जमिनीत दडलेला ठेवा) कायद्यात नुसतं काही सापडलं म्हणून शेत काढून घ्यायची तरतूद नाही. उलट दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं आणि कळवलं नाही तर वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते आणि त्या ठेव्यातला सापडवणाऱ्याचा हिस्साही जातो. शेत संरक्षित स्मारकाजवळ असेल तर विषय वेगळा, केंद्राच्या स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरमध्ये नवीन बांधकाम बंद आणि पुढच्या २०० मीटरसाठी परवानगी लागते, ते मशीन बोलवायच्या आधीच बघा.

तलाठ्याला तोंडी सांगून मोकळं होऊ नका. कळवायचं कलेक्टरला आणि तेही लेखी, त्यात गट नंबर, तारीख, काय सापडलं, अंदाजे किंमत लिहा, सोबत फोटो जोडा आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या.